मज्जारज्जूतल्या रक्तवाहिन्यांचा दोष : उपचारानंतरच्या सुधारणेची पार्श्वभूमी

मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांमधल्या दोषावर उपचार करून माणूस घरी येतो, तेव्हा घरातले सगळे एकच गोष्ट विचारतात : चालणं पहिल्यासारखं कधी होणार? धमनी आणि शीर यांच्यातला सदोष जोड बंद झाला असं डॉक्टर सांगतात, तरी हातातली काठी सुटलेली नसते. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मागे जावं लागतं, कारण हा आजार उलटवता येतो हे वैद्यकशास्त्राला पटायलाच फार वर्षं लागली.

१८८८ मध्ये गाउप या जर्मन डॉक्टरांनी मज्जारज्जूवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांचं वर्णन करताना त्यांना चक्क मूळव्याधीची उपमा दिली. नाव विचित्र वाटलं तरी डोळ्यांना दिसलं होतं ते खरं होतं. न्यूयॉर्कचे चार्ल्स एल्सबर्ग यांनी अशा शिरांवर केलेल्या यशस्वी शस्त्रक्रियेची नोंद १९१६ ची आहे. ती वाट पुढे रुंद व्हायला हवी होती. तसं झालं नाही.

१९२६ मध्ये पॅरिसच्या फ्वा आणि आलाझुआनीन यांनी दोन तरुणांची हकिगत मांडली. दोघांचे पाय हळूहळू निकामी होत गेले आणि दोघेही दगावले. शवविच्छेदनात मज्जारज्जूचा भाग मृत झालेला आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या असं त्या दोघांनी लिहिलंच नव्हतं. पण पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या नावाच्या आजाराचा अर्थ 'शिरांमध्ये गुठळ्या होऊन मज्जारज्जू कायमचा मेला' असा लावला. एकदा असं ठरलं की उपचाराची घाई करायला कारणच उरत नाही. मूळ लेख नीट न वाचण्याची किंमत किती जणांनी आपल्या पायांनी मोजली असेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

खरं काय घडतं ते १९६० च्या दशकानंतर उलगडत गेलं. पॅरिसमध्ये जिंजियान यांनी आणि अमेरिकेत डी कीरो व डॉपमन यांनी मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या एकेका धमनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून चित्रं घेण्याचं तंत्र (अँजिओग्राफी) बसवलं. मग १९७७ मध्ये लंडनचे केंडॉल आणि लोग यांनी दाखवून दिलं की सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात दोष मज्जारज्जूत नसतोच. तो बाहेरच्या जाड आवरणात, मज्जातंतूचं मूळ जिथून बाहेर पडतं तिथे असतो. एक बारीक धमनी तिथे थेट शिरेला जोडली जाते. धमनीचा दाब शिरेत शिरतो, मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो आतून सुजतो. साठलेल्या दाबाचा त्रास बहुतेकदा खालच्या टोकाला होतो, म्हणून दोष वर असला तरी पाय, लघवी आणि शौच यांच्यावर परिणाम होतो.

त्याआधी सर्जन ती फुगलेली शीर मज्जारज्जूवरून लांबच्या लांब सोलून काढत. पण तीच शीर मज्जारज्जूतलं रक्तही वाहून नेत असते. आता मायक्रोस्कोपखाली जोडाच्या जागी क्लिप लावली, की लालभडक ताणलेली शीर थोड्या वेळात निळसर आणि मऊ पडते. १९८९ मध्ये डॉपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, झपाट्याने बिघडलेले असे रुग्णही उपचारानंतर बरेच सुधारल्याचं दाखवून फ्वा-आलाझुआनीन यांच्या नावावरचा गैरसमज खोडला.

किती सुधारणा होईल, हे बरंचसं उपचाराआधी काय गमावलं होतं यावर ठरतं. ॲमिनॉफ आणि लोग यांनी १९७४ मध्ये पाहिलं होतं की उपचाराविना, लक्षणं सुरू झाल्यापासून तीन वर्षांत सुमारे निम्मे रुग्ण गंभीररीत्या अपंग होतात. त्यांनी आखलेली मोजपट्टी आजही वापरात आहे : चालण्यासाठी ० ते ५, लघवीसाठी ० ते ३. एका काठीचा आधार म्हणजे ३, दोन काठ्या किंवा कुबड्या म्हणजे ४, व्हीलचेअर म्हणजे ५. पाचावरून तीनावर येणं कागदावर दोन आकड्यांचं असतं, पण त्या माणसाला उठून स्वतः संडासापर्यंत जाता येतं.

सुधारणेत सहसा पायांची ताकद आधी येते. लघवीवरचा ताबा, बधिरपणा आणि जळजळ मागे रेंगाळतात, काही वेळा कायमच्या राहतात. ताकद परतलेला माणूसही बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की डगमगतो, कारण पाय कुठे आहेत ही जाणीव अजून आलेली नसते. तेव्हा फिजिओथेरपीत तोल सांभाळण्याचा सराव ताकदीच्या व्यायामाइतकाच महत्त्वाचा. पायाला गरम-थंड कळत नसेल तर आंघोळीचं पाणी आधी हाताने तपासावं.

पुनर्वसनाचा हा भाग वेगळ्या वाटेने आला. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने जात. ठरावीक वेळाने कूस बदलणं, मूत्राशयाची काळजी आणि लवकर हालचाल यांवर त्यांनी भर दिला. १९७२ मध्ये अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं की निर्जंतुक थाटामाटाशिवाय, स्वच्छ हातांनी रुग्ण स्वतः ठरावीक वेळी कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करू शकतो. कायमची पिशवी लटकवून फिरण्यातून कितीतरी जणांची सुटका झाली.

दोष आवरणात नसून मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचा गुंता असेल, तर गोष्ट निराळी. तो तरुणपणीही दिसतो, अचानक रक्तस्राव होऊ शकतो आणि सुधारणेचा हिशेब अधिक अवघड असतो.

आवरणातल्या जोडासाठी कॅथेटरमधून गोंदासारखा पदार्थ सोडण्याचा मार्गही आहे. २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत पहिल्याच प्रयत्नात जोड बंद होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत ९८ टक्के, तर गोंदाने ४६ टक्के होतं. नंतर साहित्य सुधारलं, तरी गोंद शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचला नाही तर शेजारची धमनी तोच जोड पुन्हा भरू शकते.

म्हणून सुधारलेली चाल काही महिन्यांनी पुन्हा बिघडू लागली, तर 'थकवा असेल' म्हणून थांबू नये. उपचारानंतर पहिल्या काही दिवसांत पाय अचानक जड झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. दाब उतरलेल्या शिरांत रक्त साकळलेलं असू शकतं आणि त्यावर वेळेत औषध देता येतं. पुन्हा बिघडलेल्या चालीसाठी एमआरआय आणि गरज पडल्यास अँजिओग्राफी परत करतात. उरलेला जोड सापडून बंद झाला, तर सुधारणा पुन्हा सुरू होऊ शकते.