लष्करी पुरवठ्याची किफायतशीर ऑर्डर

सैन्याला लागणारे बूट, औषधं, सुटे भाग, दारूगोळा हे सगळं किती, कधी आणि कुणाकडून मागवायचं ते असं ठरवायचं की पैसा कमी जाईल पण ऐनवेळी तुकडी अडून बसणार नाही, एवढाच या विषयाचा गाभा. बचत म्हटलं की सगळे आधी वस्तूचा भाव बघतात, पण खरं पाणी मुरतं ते ऑर्डर काढायच्या पद्धतीत.

1980च्या दशकात अमेरिकेत लष्करासाठी घेतलेला 435 डॉलरचा हातोडा खूप गाजला. त्यात बराचसा भाग हिशोबाचा होता, कंत्राटातला वरखर्च स्वस्त-महाग न बघता सगळ्या वस्तूंवर सारखाच वाटला की साधा हातोडा पण असा महाग दिसतो. ओरड झाली ती बरंच झालं म्हणा, 1984 मध्ये सरकारी कंत्राटांत स्पर्धा आणणारा कायदा आला.

एका वेळी किती मागवायचं याचं जुनं सूत्र फोर्ड हॅरिसने 1913 मध्ये मांडलं. समजा वर्षाला 1200 नग लागतात, एक ऑर्डर काढायला 100 आणि एक नग वर्षभर सांभाळायला 6 खर्च येतो (चलन कुठलंही धरा). गोदामात सरासरी मागवलेल्या मालाच्या निम्मा माल पडून असतो असं धरून, सगळं एकदम मागवलं तर वर्षाचा खर्च 3700, दरमहा मागवलं तर 1500, आणि सूत्र सांगतं तसं 200-200 करून सहा वेळा मागवलं तर 1200. म्हणजे एकदम मागवून मिळणारी घाऊक सूट बऱ्याचदा गोदामातच जिरते, मुदत संपून फेकलेला माल तर यात धरलेलाच नाही.

पण हे सूत्र मागणी सारखी राहते असं धरून चालतं आणि सैन्यात तसं नसतं, एखादा भाग दोन-दोन वर्षं कुणी विचारत नाही आणि मग एका सरावात दहा लागतात. त्यात गळती रोखणाऱ्या एखाद्या स्वस्तातल्या सीलसाठी पण हेलिकॉप्टर जमिनीवर बसतं. म्हणून 1960च्या दशकात रँड या अमेरिकन संशोधन संस्थेत क्रेग शेरब्रूकने गणित उलटं केलं, फळीवर किती माल आहे ते सोडा, त्याच पैशात विमानं किती उडतील ते मोजा. यातून निघणारा ठोकताळा सोपा आहे, स्वस्त भाग तळावर भरपूर ठेवा, महागडे दुरुस्त होणारे भाग मोजके आणि मध्यवर्ती डेपोत.

सगळ्यात महाग पडतो तो अविश्वास. 1991च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सुमारे 40,000 कंटेनर पोचले आणि त्यातले निम्म्याहून जास्त आत काय आहे ते कळेना म्हणून उघडावे लागले. ऑर्डर कुठे अडकलीय ते दिसत नाही म्हटल्यावर लोक तीच वस्तू दोनदा-तीनदा मागवणारच, त्यांना दोष तरी काय देणार! पुढे त्यांच्या लष्कराने 1995 पासून मागणी ते पोचपावती या वेळेवरच काम केलं. माल ठरल्या वेळी येतो हे दिसलं की राखीव साठा आपोआप कमी ठेवता येतो. औषधांचं तर पुरवठादारावरच सोपवलं, तो थेट दवाखान्यात माल देतो, डेपोत साठवायचं कारणच उरत नाही.

दारूगोळ्याला मात्र हे लागू पडत नाही, कारण तोफगोळे बाजारातून उद्या आणता येत नाहीत. 2022 नंतर युक्रेन युद्धात 155 मिमी गोळ्यांचा खप वाढला तेव्हा कारखान्यांची क्षमताच तोकडी पडली. म्हणून आता अनेक वर्षांची कंत्राटं दिली जातात, वर्षा-वर्षाच्या ऑर्डरवर कुठलाच कारखानदार उत्पादनाची नवीन लाइन टाकायला तयार होत नाही.