दोन लॅन कार्डं घातली म्हणजे राउटर झाला असं नाही

समज जुना आहे: डेस्कटॉपमध्ये दोन लॅन कार्डं बसवली की देवगडातलं घर आणि आंब्याची पॅकिंग शेड आपोआप जोडली जातात. तसं होत नाही. लिनक्स असो वा विंडोज, आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एका कार्डावर आलेला डेटा दुसऱ्या कार्डाकडे पुढे पाठवणं, मुळात बंद असतं. ते चालू करावं लागतं.

फसवतो तो पिंग, म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतं का हे पाहण्याची चाचणी. घराकडचं कार्ड १९२.१६८.१.१०, शेडकडचं १९२.१६८.२.१ धरा. शेडमधून १९२.१६८.१.१० ला पिंग केलं तर फॉरवर्डिंग बंद असूनही लिनक्स उत्तर देतं, कारण तो पत्ता त्याचाच आहे. चाचणी घ्यायची तर घरातल्या प्रिंटरला पिंग करा.

फॉरवर्डिंग चालू करूनही उत्तर आलं नाही, तर बहुतेक वेळा परतीची वाट नसते. शेडच्या मशीनना गेटवे, म्हणजे दुसऱ्या नेटवर्ककडे जाणारा डेटा ज्याच्याकडे सोपवायचा तो पत्ता, १९२.१६८.२.१ द्या. घरच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूट (हाताने नोंदवलेली वाट) टाका: १९२.१६८.२.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१०. ती सोय नसेल तर डेस्कटॉपच्या घराकडच्या कार्डावर नॅट लावा, म्हणजे शेडचा डेटा डेस्कटॉपच्याच पत्त्याने घरात जाईल; मात्र मग घरातून शेडमधलं मशीन सरळ उघडणार नाही. शेडकडच्या कार्डाचा गेटवे रिकामाच ठेवा. दोन्हीकडे एकच १९२.१६८.१.० मालिका तर मुळीच नको. शेडपर्यंतची केबल १०० मीटरच्या आत हवी, आणि खाऱ्या हवेत पिना गंजतात, त्याही तपासा.