फॉलोअपला न आलेला पेशंट कुठे मोजायचा?

ऊसतोडीचा हंगाम संपला की कोल्हापूर भागात आलेल्या टोळ्या आपापल्या गावी परततात. त्यांतला एखादा औषधाच्या चाचणीत असेल, तर त्याची शेवटची नोंद एवढीच राहते : चौथ्या महिन्यात जिवंत होता. पुढचं माहीत नाही, पण चार महिने तो जगला हे पक्कं. अशा अर्ध्या नोंदीला संख्याशास्त्रात सेन्सॉर्ड म्हणतात.

मृत्यूची कोष्टकं जुनीच. एडमंड हॅलीने 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहराचं कोष्टक मांडलं, विमा कंपन्यांनी पुढे ती पद्धत रुजवली. पण दवाखान्यात माणसं थोडी आणि ती मधूनच गळणारी. त्यावरचं उत्तर 1958 मध्ये आलं. एडवर्ड कॅप्लान समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते पाहत होता आणि पॉल मायर कॅन्सरचे रुग्ण किती जगतात ते. दोघांनी वेगवेगळे लेख पाठवले होते, ते एकत्र करून छापले गेले. ट्यूब आणि माणूस एकाच सूत्रात बसावेत, याचं मला आजही नवल वाटतं.

सूत्र वहीत मांडता येतं. दहा रुग्ण घ्या. तिसऱ्या महिन्यात एक दगावला : 9/10. चौथ्यात दोघं यायचे थांबले. सहाव्यात उरलेल्या सातांतला एक गेला : 6/7. गुणाकार सुमारे 77 टक्के, म्हणजे सहा महिन्यांपलीकडे जगण्याचा अंदाज. न आलेल्या दोघांना मृत धरलं तर 60, जिवंत धरलं तर 80, नावंच खोडली तर 75.

1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) चाचणीत 6-एमपी हे औषध घेणाऱ्या 21 जणांपैकी 12 जणांचा आजार नोंद थांबेपर्यंत उलटलाच नव्हता. ती 12 नावं वगळली असती तर औषधाचा बराचसा गुण झाकला गेला असता. औषध घेणारे आणि न घेणारे अशा दोन गटांची तुलना करायला संख्याशास्त्रज्ञ मँटेलने 1966 मध्ये लॉगरँक चाचणीचा (गटांतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या हिशेबाचा) पाया घातला. वय, आजाराची अवस्था हेही हिशेबात घेणारं मॉडेल डेव्हिड कॉक्सने 1972 मध्ये दिलं, आणि त्याने उदाहरणाला हीच 6-एमपीची आकडेवारी घेतली.

या सगळ्याखाली एक गृहीतक आहे : यायचं थांबण्याचा आजाराशी संबंध नसावा. पंचगंगेला पूर येऊन रस्ता बंद झाला म्हणून चुकलेला रुग्ण चालतो. अंगात एसटीत चढण्याचं बळ उरलं नाही म्हणून न आलेला चालत नाही, त्याच्यामुळे जगण्याच्या टक्केवारीचा आलेख खोटा चांगला दिसतो. वहीत मात्र दोघांपुढे एकच शब्द असतो, 'गैरहजर'. म्हणून त्या रकान्याशेजारी कारणाचा रकाना हवा, आणि तो घरी फोन करूनच भरावा लागतो.