दिवसभर पोर कोणाजवळ?

पहिलीच्या वर्गात जूनमध्ये एक पोर पेन्सिल धरून बसतं, दुसरं दाराकडे बघत रडतं. बाई दुसऱ्याला ‘कच्चं’ म्हणून मोकळ्या होतात. मला तो शिक्का कधीच पटला नाही. आधीची तीन वर्षं त्या पोराला दिवसा कोण सांभाळत होतं, ते विचारावं.

साताऱ्याकडच्या पाटण-जावळीच्या डोंगरात हे मुंबईची मनीऑर्डर ठरवायची. बाप गिरणीत नाहीतर माथाडी, आई भातखाचरात, पोर आजीच्या पदराला. आजीकडे ओव्या, कोडी, हादग्याची गाणी होती. भाषेला तोटा नव्हता, पण घरात छापील कागद म्हणजे कॅलेंडर. शाळा मात्र तपासायची पाटीवरची अक्षरं.

बाहेर सोय उभी राहायला वेळ लागला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. खाऊ, वजन, लस, गाणी सगळं आलं. पण अंगणवाडी काही तासांचीच आणि भांगलणीला गेलेली आई परतते दिवस कलल्यावर. मधल्या वेळेला पुन्हा आजीच. घरात पगार असेल तर प्रश्न वेगळा सुटतो: दारात व्हॅन, छोटा गट, मोठा गट, इंग्रजी कविता पाठ.

सगळ्यात अवघड उसाच्या फडात. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या वाळवा, कराड भागात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, म्हणून पहाटेच फडावर. तान्हं वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगाजवळ झोळीत, त्याच्याशेजारी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. धाकट्याचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरला, थोरलीचं शाळेच्या हजेरीत, दोन्ही तिकडं गावाकडं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो ६ ते १४ वयासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं वयाच्या तिसऱ्या वर्षापासूनचा पाया शिक्षणात धरला. थोरलीचं वय कायद्यात पहिल्यापासून बसतं. पण ती शाळेत गेली, तर झोळीजवळ कोण?