३४.९९ डॉलरचा रोमन

ऑगस्ट २०१८. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, टेबलाखाली जमिनीवर एका पुरुषाचा संगमरवरी अर्धपुतळा पडला होता. वजन साडेतेवीस किलोच्या आसपास. किंमत ३४.९९ डॉलर, आणि तिची पिवळी चिठ्ठी थेट गालावर चिकटवलेली. जुन्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी तो विकत घेतला आणि गाडीत सीटबेल्ट बांधून घरी नेला. पुढे जाणकारांनी पाहिल्यावर कळलं, की तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा अस्सल रोमन पुतळा आहे.

हे ओळखतात कसं? दगडाचं वय मोजून उपयोग नाही. चुनखडक जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाला की संगमरवर होतो, आणि ते घडून कोट्यवधी वर्षं लोटलेली असतात. रोमन शिल्पकाराने फोडलेला आणि कालपरवा कापलेला दगड एकाच खाणीतला असेल, तर दोघांचं वय सारखंच. छिन्नी कधी चालली, ते शोधावं लागतं पृष्ठभागावर.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला, की शतकानुशतकं हवापाणी खाल्लेला संगमरवर पिवळसर, मधासारखा आणि ठिपक्याठिपक्यांनी उजळतो. ताजा छिललेला भाग मात्र जांभळट दिसतो. नाक नंतर बसवलेलं असेल, तर ते इथेच उघडं पडतं.

दगड कुठल्या खाणीतला, हे कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून कळू शकतं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे ही दोन्ही मूलद्रव्यं त्यात असतातच. त्यांच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. हार्मन आणि व्हॅलेरी क्रेग या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये पारोस, नॅक्सोस, पेंटेली अशा ग्रीक खाणींवर ही पद्धत वापरून दाखवली. चिमूटभर भुकटी पुरते. काही खाणींची प्रमाणं एकमेकांत मिसळतात, म्हणून दगडाच्या कणांचा आकारही तपासावा लागतो.

मला सगळ्यात मोह पडतो तो डोळ्यांचा. सम्राट हेड्रियनच्या काळापर्यंत, म्हणजे साधारण इ.स. १३० पर्यंत, रोमन शिल्पकार संगमरवरात बुबुळ सहसा कोरत नसत. डोळा गुळगुळीत ठेवायचा आणि बुबुळ रंगाने काढायचं. रंग उडून गेला, म्हणून आज ते चेहरे आंधळे वाटतात. त्यानंतर बुबुळाची रेघ आणि बाहुलीचा खळगा दगडातच येऊ लागला. सुताराच्या सामत्यासारखं दोरीने फिरवायचं हत्यार केसांच्या बटांमध्येही खोलवर शिरू लागलं. कपाळावरच्या बटा कुठे दुभंगतात, कुठे वळतात, हे मोजून अभ्यासक राजघराण्यातली माणसं ओळखतात. ऑस्टिनचा चेहरा बहुधा ड्रुससचा, म्हणजे सम्राट टायबेरियसच्या धाकट्या भावाचा, असं त्यांचं मत पडलं.

पण तो कोणाच्या मालकीचा, हे दगड सांगू शकत नव्हता. त्याचं उत्तर १९३१ च्या एका फोटोत सापडलं. जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८४० च्या दशकात आशाफेनबुर्ग गावी, पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घराच्या धर्तीवर 'पाँपेयानुम' बांधलं. त्या फोटोत हाच चेहरा तिथे उभा दिसत होता. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने त्या वास्तूची मोठी पडझड झाली, आणि एखाद्या अमेरिकन सैनिकाने तो उचलून नेला असावा, असा अंदाज आहे. जर्मनीने त्याच्यावरचा हक्क कधीच सोडलेला नव्हता, त्यामुळे तो बाजारात विकता येईना.

रोमन शिल्प विक्रीला निघालं, की घेणारा आधी विचारतो, 'अस्सल आहे का?' 'आलं कुठून?' हे त्याच्याही आधी विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. चोरीच्या प्राचीन वस्तूंच्या व्यापाराला आळा घालणारा युनेस्कोचा करार १९७० चा. तरीही विक्रीच्या याद्यांमध्ये 'युरोपातील खासगी संग्रहातून' एवढ्यावर भागवलेलं दिसतं. शिल्प गुपचूप खणून काढलं, की ते घरात होतं का थडग्यावर, शेजारी कोणाचा शिलालेख होता, हे सगळं कायमचं पुसलं जातं. कुठलाही दिवा लावला तरी ते परत दिसत नाही.

ऑस्टिनच्या बाईंनी जर्मन सरकारशी करार केला. मे २०२२ पासून वर्षभर तो चेहरा सॅन अँटोनिओच्या कलासंग्रहालयात लोकांनी पाहिला, आणि २०२३ मध्ये बव्हेरियाला परत गेला.