परदेशातल्या निवडणुकीत निरीक्षक व्हायचंय? अर्ज कुठे, कागदपत्रं कोणती

आपल्याकडे निवडणूक निरीक्षक म्हटलं की परराज्यातून आलेला आयएएस अधिकारी आठवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २०ब खाली निवडणूक आयोग त्याला नेमतो. बऱ्याच ठिकाणी मतदान केंद्रं बळकावल्याचं दिसलं तर तो मतमोजणीही थांबवायला लावू शकतो. आंतरराष्ट्रीय निरीक्षकाला यातलं काहीच करता येत नाही. डोळ्यांदेखत गैरप्रकार झाला तरी त्यानं बघायचं, लिहून घ्यायचं आणि वर कळवायचं. ‘अहो, थांबा’ म्हणायचीसुद्धा सोय नाही. हे जमणार नसेल तर अर्ज न केलेलाच बरा.

आता अर्ज. निवडणूक ज्या देशात आहे तिथे तो करायचा नसतो, आपला पासपोर्ट ज्या देशाचा आहे तिथे करायचा असतो. युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य संघटनेत, म्हणजे ओएससीईत, ५७ देश आहेत. अमेरिका आणि कॅनडाही त्यात येतात. तिचं वॉर्सातलं कार्यालय ओडिहर निवडणुकांच्या निरीक्षणासाठी सदस्य देशांकडे माणसं मागतं, आणि प्रत्येक देश आपल्या यादीतून ती पाठवतो. जर्मनीत ही यादी बर्लिनची झिफ ही संस्था सांभाळते, कॅनडात कॅनाडेम. आयर्लंडचं परराष्ट्र खातं काही वर्षांनी एकदा अर्ज मागवून यादी नव्यानं भरतं. ती तारीख हुकली की बसा वाट बघत. म्युनिक किंवा टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी माणसानं आधी स्वतःचा पासपोर्ट काढून बघावा. तो जर्मन किंवा कॅनेडियन असेल तर अर्ज करता येतो. नुसता कायमच्या वास्तव्याचा परवाना पुरत नाही.

युरोपीय संघ स्वतःची वेगळी पथकं पाठवतो, बहुतेक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत. तिथेही पहिली चाळणी आपल्या देशातच लागते, अंतिम निवड ब्रसेल्समध्ये.

कागदपत्रं फार नाहीत. पासपोर्टची प्रत, फोटो, ठरावीक नमुन्यातला बायोडेटा आणि सही केलेली निरीक्षकांची आचारसंहिता. इंग्रजी चांगलं हवं; रशियन किंवा फ्रेंच येत असेल तर वजन पडतं. ओडिहरचा अल्पकालीन, म्हणजे मतदानाच्या आसपास काही दिवसच जाणाऱ्या, निरीक्षकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे, तो अर्जाआधीच उरकून टाका. दीर्घकालीन निरीक्षक मतदानाच्या महिना-दीड महिना आधी जाऊन राहतात, त्यामुळे तिथे आधीचा अनुभव बघतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अल्पकालीन जागेसाठीच अर्ज करावा. पगाराची अपेक्षा ठेवू नका. प्रवास, मुक्काम आणि दैनिक भत्त्यावर भागवायचं. निवड झाल्यावर यजमान देशाचा निवडणूक आयोग ओळखपत्र देतो. ते गळ्यात नसेल तर केंद्रात पाऊल टाकता येत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? २८ सप्टेंबर २०२५ ची मोल्दोव्हाची संसदीय निवडणूक घ्या. जागा १०१, मतदान सकाळी ७ ते रात्री ९. ओडिहरच्या पद्धतीत दोघांची जोडी असते, दोघं वेगवेगळ्या देशांचे. सोबत गाडीवाला आणि दुभाषी. जोडी मतदान सुरू होण्याआधीच पहिल्या केंद्रावर हजर होते. पारदर्शक मतपेटी रिकामी होती का, सर्वांसमोर सील लावलं का, हे आधी नमुन्यात भरायचं. तिथला मतदार ‘व्होटात’ म्हणजे ‘मत दिलं’ असा शिक्का मतपत्रिकेवर उमटवतो. ती घडी कशी घालतो, शेजारच्याला दिसते का, एका आडोशात दोघं शिरतात का, हे सगळं बघण्यासारखं. साधारण अर्धा तास थांबायचं, शेवटी ‘खूप चांगलं’ ते ‘खूप वाईट’ यातला शेरा मारायचा आणि पुढच्या केंद्राकडे निघायचं. दिवसभरात अशी दहाएक केंद्रं होतात. रात्री एकाच ठिकाणी बसून मोजणी बघायची, मग निकालपत्रकाच्या मागोमाग वरच्या निवडणूक कार्यालयात जायचं. जेवणाची वेळ विसरा.

तुम्ही भरलेला नमुना म्हणजे शेकडोंतला एक. सगळ्यांचा हिशेब लावून दुसऱ्या दिवशी राजधानीत प्राथमिक निवेदन वाचलं जातं; सविस्तर अहवाल शिफारशींसह काही महिन्यांनी येतो. मधल्या काळात पत्रकारांनी गाठलं तरी आपलं मत सांगायचं नाही, सोशल मीडियावर तर नाहीच.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ही दारं बंद आहेत. राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटात भारतीय असतात, पण तिथे महासचिवांचं निमंत्रण लागतं, अर्ज चालत नाही. बँकॉकची आन्फ्रेल ही आशियाई संस्था मात्र वेळोवेळी निरीक्षकांसाठी जाहिरात काढते. तिच्यावर लक्ष ठेवा. उलट बाजूनं, आपल्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना आयोग स्वतः बोलावतो. मे २०२४ मध्ये २३ देशांचे ७५ प्रतिनिधी आले होते. त्यांच्या गटांना दाखवलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते.