कोलीन पेट स्कॅनचे वाचन

पेशींचे आवरण ज्या फॉस्फोलिपिडांचे बनते, त्यांच्यासाठी कोलीन लागते. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात, त्यामुळे त्या कोलीन ओढून घेतात. कोलीन कायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते आणि ते पेशीतच अडकते. कार्बन-११ किंवा फ्लुओरिन-१८ हे किरणोत्सारी अणू जोडलेले कोलीन शिरेतून दिल्यास हा साठा पेट-सीटीवर (किरणोत्सार टिपणारे पेट आणि शरीराचे काप दाखवणारे सीटी यांच्या एकत्रित चित्रात) उजळ दिसतो. प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार झाल्यानंतर पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) पुन्हा चढू लागले, तर रोग कुठे उलटला हे शोधणे हा याचा मुख्य उपयोग. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१२ मध्ये कार्बन-११ कोलीनला त्यासाठीच मान्यता दिली.

कार्बन-११चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, जेमतेम २० मिनिटे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र, सुरू झाले. अशा ठिकाणाहून निघालेली कुपी बोरिवलीला पोहोचायला तास लागला, तर आठवा हिस्साच उरेल. फ्लुओरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने तेवढ्याच वेळात दोन तृतीयांश टिकते. मात्र फ्लुओरिनचे कोलीन लघवीत जास्त उतरते, आणि वाचणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

ओटीपोटात दिसलेला एखादा ठिपका लसीका गाठीचा (लिम्फ नोडचा) असेल किंवा मूत्रवाहिनीत साचलेल्या लघवीचा. सीटीच्या कापांवर मूत्रवाहिनीचा मार्ग वर-खाली धरून पाहावा. उशिराच्या चित्रात ठिपका हलला वा विरला, तर ती लघवीच. मूत्राशय भरण्याआधीची पहिल्या काही मिनिटांची चित्रेही म्हणूनच घेतात.

यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे, लाळग्रंथी निरोगी माणसातही उजळतात. जांघेतल्या दोन्हीकडच्या सारख्या, मंद गाठी बहुधा साध्या सुजेच्या. प्रोस्टेटची निरुपद्रवी वाढ आणि दाहही कोलीन घेतात. क्षयरोगाच्या गाठीही घेऊ शकतात. मुंबईत छातीतल्या उजळ गाठीला रोगाचा प्रसार म्हणण्याआधी हे तपासलेच पाहिजे, नाहीतर रुग्णावर चुकीचा उपचार लादला जाईल. उलट, पीएसए कमी असताना किंवा गाठ काही मिलिमीटरचीच असताना स्कॅन कोरे येते. त्यावरून रोग नाही असे लिहू नये.

प्रोस्टेटसाठी आता पीएसएमए (प्रोस्टेटच्या पेशींवरचे एक प्रथिन) शोधणाऱ्या स्कॅनने कोलीनला बरेच मागे टाकले आहे. एफडीजी (पेट स्कॅनमध्ये नेहमी वापरतात ती किरणोत्सारी साखर) न घेणारा सौम्य प्रतीचा यकृताचा कर्करोग आणि कॅल्शियम वाढवणारी मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची छोटी गाठ शोधायला मात्र ते आजही उपयोगी पडते.